मंजूर भार

दगू गांगुर्डे टेस्टचा बल्ब लावून बघतो, मान हलवतो.
"फेज आहे, न्यूट्रल आहे,
अर्थ येत नाही, ताई."
पाथर्डी फाटा, तळमजला, पार्किंग नंबर नऊ.
मला हसू येतं. त्याला नाही.
त्याच्याकडे हा शब्द
मीठ, कोळसा आणि तांब्याच्या पट्टीचा आहे.

गाडी येऊन महिना झाला.
तोवर मुंबई नाक्याजवळ एका हॉटेलबाहेर
चहावर चहा पीत भरत होते तिला,
पाहुण्याच्या घरी मोबाइल चार्जिंगला लावावा
तसं अवघडून.

मला तो भिंतीवरचा डबा हवा होता,
सात किलोवॅटचा, काळा, गुळगुळीत.
शोरूममधल्या पोराने त्यावर हात फिरवून दाखवला होता
दुकानात शालूवरून फिरवतात तसा.
त्याला लागतो वाढीव भार, नवा मीटर,
महावितरणचा अर्ज, सोसायटीचं ना-हरकत
आणि कुलथेकाकांची सही.
काका म्हणाले, "आग लागली तर?"
मी म्हटलं, "तुमच्या गॅलरीत दोन सिलिंडर आहेत."
सही तीन आठवडे लांबली.

दगूने एवढंच विचारलं,
"रोज किती चालते?"

मी मनात वणीचा गड चढून आले,
कसारा घाट उतरले,
एकदा तर कोकणात पोचले.
तोंडाने म्हटलं, "तशी बरीच."
"आठवडाभर लिहा. मग वायर ठरवू."

दुधाच्या हिशोबाच्या वहीत मागच्या पानावर लिहिलं.
सोमवार सतरा. घर, सातपूर, घर.
मंगळवार सतरा.
बुधवारी देवळालीला आईची औषधं, म्हणून चोवीस.
गुरुवारी एक्कावन्न.
शुक्रवार पुन्हा सतरा, शनिवारी भाजीमुळे एकोणीस,
रविवारी गाडी पुसली.

दगू बोटावर बेरीज करतो: एकशे पंचेचाळीस.
"कशाला एवढा मोठा डबा?
साध्या पंधरा अँपिअरवर
एका रात्रीत तुमचा अख्खा आठवडा भरतो."

खरं आहे. पण असं
पार्किंगमध्ये, ड्रिलच्या आवाजात,
पिवळी पेन्सिल कानाला लावलेल्या माणसाने
मोजून हातात द्यावा आपला आठवडा?

गुरुवारचं त्याने विचारलं नाही.
घरीही कोणी वही उघडली नाही.
गंगापूर धरणाच्या मागच्या पाण्यापाशी
काचा खाली करून बसले होते चाळीस मिनिटं.
इंजिन नसल्यामुळे
थांबल्यावर वेगळं थांबावं लागत नाही.

अण्णांचं वाइंडिंगचं दुकान होतं सातपूरला.
जळालेली मोटर उलगडताना म्हणायचे,
ही कामाने नाही जळली,
तार बारीक होती.
म्हणून मी सांगितलं, सॉकेट साधंच बसव,
पण वायर सहा एमएमची टाक, पाइप मोठा घे.
"कशाला ताई? लोड नाही तेवढा."
"असू दे."
तो क्षणभर बघत राहिला, मग
दुसरं बंडल आणायला स्कूटरवरून गेला.

अर्थसाठी खड्डा घेतला कुंपणाच्या कडेला.
अडीच फुटांवर मुरूम लागला, पहार परतायला लागली.
कुलथेकाका वरून विचारत होते, अजून किती.
पाच फुटांवर माती गार, काळसर.
दगूने मुठीत दाबून बघितली,
बायका लाडवाचं पीठ बघतात तशी.
पट्टी उभी केली, कोळशाचा थर, मिठाचा थर, पुन्हा कोळसा.
"उन्हाळ्यात इथे बादलीभर पाणी ओतत जा.
कोरडं पडलं की अर्थ जातो."

मग बल्ब फेज आणि अर्थमध्ये धरला.
लख्ख.
"आता येतो," म्हणाला,
आणि बिल पक्कं हवं की कच्चं ते विचारलं.

रात्री दहाला प्लग लावला.
हिरवा ठिपका लागला, मिटला, लागला.
काका गॅलरीतून बघत होते, सिलिंडरांच्या मधे उभे राहून.
मी हात केला.

आज गुरुवार.
सकाळीच बादली ओतली.
मातीने पाणी लगेच घेतलं.
ऑफिसातून घरी उशिरा येईन, असं सांगून ठेवलंय.